लवंगीचा ढीग

शारदा, आज मिरची आली. नेहमीच्या व्यापाऱ्यानं पोती दारात उतरवली आणि विचारलं, "वैनी, धाकट्या बाई दिसंनात कुठं?" मी म्हटलं, "गेली." तो म्हणाला, "शाळेत व्हय?" मी नुसती मान हलवली. खांद्यावर पोतं घेऊन उभ्या असलेल्या माणसाला काय सांगायचं? गेला बिचारा. मी सोप्यात सतरंजी टाकली, पोत्याची सुतळी सोडली, हाताला तेल चोळलं आणि तशीच बसून राहिले. एकही देठ मोडलं नाही. मग हात पुसले, वैशूचा जुना पेन शोधला आणि म्हटलं, आधी हिच्याशी बोलून घ्यावं. मिरची कुठं पळून जाते.

मला लिहायची सवय नाही हे तुला ठाऊक आहे. सातवीनंतर शाळा सुटली. पुढं जे काही वाचता-लिहिता आलं ते पुड्यांच्या कागदांवरून, रद्दीतल्या मासिकांवरून आणि तुझ्या-वैशूच्या तोंडून. तेव्हा बोलते तसंच लिहिते. तू लाल पेन घेऊन बसू नकोस.

तू या घरात माझी धाकटी जाऊ होऊन आलीस ती चंदगडहून. भाऊजी तेव्हा इचलकरंजीला मागावर होते, पाळी संपली की यायचे, झोपायचे, परत जायचे. तू मात्र इथं, आमच्यात. पहिले कितीतरी दिवस तुझा आवाजच कुणी ऐकला नाही. हाक मारली की उभी राहायचीस, सांगितलं ते करायचीस. सासूबाई मला चुलीपाशी ओढून म्हणाल्या, "मुकी हाय काय गं ही? बघायला गेलतो तवा मान हलवत होती, मला वाटलं लाजतीया." मी म्हटलं, "आत्या, नवीन हाय. बोलंल." पण मलाही शंका होतीच.

तुझं बिंग फोडलं ते माझ्या लेकीनं, वैशूनं. ती बारावीला, सायन्सला. दुपारची कट्ट्यावर बसून मोठमोठ्यानं केमिस्ट्री पाठ करायची. तू परातीत गहू निवडत होतीस आणि मी तुझ्याकडं बघत होते. पोरगी एक वाक्य म्हणायची आणि तुझे ओठ हलायचे. ती अडली की तुझे ओठ पुढं जायचे. मी म्हटलं, "काय पुटपुटालीस गं?" तू एकदम गव्हात बघायला लागलीस.

मग त्या दिवशी हळूहळू निघालं सगळं. तुझे बारावीचे बाकीचे विषय सुटले होते, एक केमिस्ट्री राहिली होती. लेखीत काठावर, आणि प्रॅक्टिकलच्या तोंडीत तर काहीच नाही. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं आणि तू गप्प. "येत नव्हतं व्हय?" मी विचारलं. "येत होतं," तू म्हणालीस. "सगळं येत होतं, आक्का." तुझं माझ्याशी पहिलं लांबलचक बोलणं म्हणजे हे.

त्याच संध्याकाळी मी सासूबाईंपुढं विषय काढला. त्या तंबाखू मळत होत्या. म्हणाल्या, "एकदा बसू दे. एकदाच. न्हाय निघाली तर परत या घरात पुस्तकाचं नाव काढायचं न्हाय. आणि मिरची मागं पडता कामा न्हाय." सासूबाई बोलल्या की त्यात फरक नसायचा. म्हणजे तुझ्या हातात ती एकच खेप होती. आणि परीक्षा नेमकी चटणीच्या दिवसांत.

आपल्या घरच्या कांदा-लसूण चटणीला पेठेत नाव होतं. माघ लागला की सोपा मिरचीनं भरून जायचा. ऊन द्यायचं, देठं काढायची, भाजायची, मग कांडपाला न्यायची. देठं काढायचं काम तुझं, माझं आणि शाळा-कॉलेज सुटलं की वैशूचं. तेलाचे हात, त्यावर मिरचीची भुकटी. त्या हातानं पुस्तक धरलं तर पुस्तकाला तिखट, आणि पुढच्या वेळी पान उलटताना बोट डोळ्याला गेलं की झालं. वैशूनं एकदा ते करून बघितलं होतं, रांजणात तोंड घालून बसली होती. तेव्हा ठरलं, पुस्तक लांब कोनाड्यात ठेवायचं आणि अभ्यास सगळा तोंडानं. तुम्ही एकमेकींना विचारायचं, एकमेकींनी सांगायचं. दोघींचं उत्तर जुळलं तर बरोबर धरायचं. नाही जुळलं तर एकीनं हात धुऊन पुस्तक बघायचं.

चार दिवसांत मला तुमचे प्रश्न पाठ झाले. अर्थ नाही कळला, पण कानाला काय अर्थ लागतो? मग विचारायचं काम माझ्याकडं आलं. शिक्षेची कल्पना वैशूची. समोर मिरचीचे ढीग असायचे. ब्याडगी मोठी, सुरकुतलेली, गरीब. तिची देठं अशी मोडतात की हाताला कळतही नाही. संकेश्वरी मधली. आणि लवंगी, बोटाच्या पेराएवढी, उरकता उरकत नाही आणि नखांच्या कडा पेटवते. ज्याचं उत्तर चुकेल त्यानं लवंगीतली मूठ आपल्यापुढं ओढायची. बरोबर येईल त्याला ब्याडगी.

"ब्राऊन रिंग कशाची?" मी विचारायची.

"सल्फेटची," वैशू. तिचं उत्तर प्रश्नाच्या आधी तयार.

तू गप्प.

"काकी, बोल की."

तू गप्पच.

"काकी हरली. लवंगी घे."

"ती चुकलीया," तू इतक्या हळू म्हणालीस की मला वाकून ऐकावं लागलं.

"मग बोलली का न्हाईस?"

"विचार करत होते, आक्का."

"तू विचार करंपतूर परीक्षेचा मास्तर काय चहा पीत बसणार हाय काय?"

तेवढ्यात आतल्या खाटेवरून सासूबाईंचा आवाज आला, "नायट्रेट. नायट्रेटची असती ती. किती खेपा सांगायचं?"

आठवतं ना? आपण तिघी एकमेकींकडं बघत राहिलो. वैशू हसता हसता मिरच्यांवरच आडवी झाली आणि मग शिंका. तूही हसलीस. तोंडावर पदर न घेता हसलीस, हे मी तेव्हा मनात नोंदवून ठेवलं.

तुझं-माझं भांडण सुरू झालं ते तिथूनच. चुकणाऱ्याला लवंगी आणि गप्प बसणाऱ्यालाही लवंगी, असा नियम मी काढला. तुला तो पटेना. "चुकीचं बोलण्याला आणि गप बसण्याला एकच शिक्षा कशी?" मी म्हटलं, "चुकणारी निदान बोलली तरी. अंदाज ठोकायचा. लागला तर लागला." तू मान हलवलीस. "अंदाजानं बोलू न्हाय, आक्का. अंदाजानं ॲसिड ओतलं तर?" मी म्हटलं, "इथं कुठं ॲसिड हाय? मिरची हाय." वैशू म्हणाली, "दोघी गप बसा, मला पुढचा प्रश्न पाहिजे."

त्या दिवसांत तुझ्यापुढचा लवंगीचा ढीग कधी कमी झाला नाही. चुकायची वैशू, पण ढीग तुझाच मोठा. एकदा ज्योतीचे रंग चालले होते. विटकरी ज्योत कुणाची आणि किरमिजी कुणाची, यात वैशू रोज घोळ घालायची. तू न बोलता एक जुनी, फिकी पडलेली संकेश्वरी उचललीस आणि तिच्यापुढं धरलीस. "कॅल्शियम," म्हणालीस. मग गडद ब्याडगी उचललीस. "स्ट्रॉन्शियम." पोरगी परत कधी चुकली नाही. मलाही आजवर पाठ आहे. बाजारात ब्याडगी घेताना मनात स्ट्रॉन्शियम येतं आणि व्यापारी भाव सांगत राहतो.

बोलायला लागलीस तसं तुला आमच्या बोलण्याचंही हसू यायला लागलं. आमच्याकडं बायकाही "मी येतो, मी जातो" म्हणतात, त्याची नक्कल करायचीस. "मी लवंगी घेतो, आक्का." मला बरं वाटायचं. घरात माणूस वाढल्यासारखं.

प्रॅक्टिकलच्या दिवशी मी तुझ्याबरोबर कॉलेजला आले. सासूबाईंनी दही-साखर दिली आणि हातावर ठेवता ठेवता म्हणाल्या, "गप बसलीस तर घरी येऊ नगंस." त्यांची माया अशीच असायची. तू आत गेलीस आणि मी व्हरांड्यात बाकावर. माझ्या शेजारी एक पावणं बसले होते, हातकणंगल्याहून लेकीला घेऊन आलेले. ते उसाचं सांगत होते आणि माझे कान खोलीत. बराच वेळ काही नाही. आणि मग आतून एकदम हसण्याचा आवाज आला, सगळ्या खोलीचा. म्हटलं, हसले हिला. आता ही जन्मात तोंड उघडायची नाही.

तू बाहेर आलीस ती एक डोळा लालबुंद, गालावर पाण्याचा ओघळ. मी उठले. "रडलीस?"

"न्हाय, आक्का. लवंगी."

आदल्या दिवशी देठं काढली होतीस. साबणानं धुतले, ताकानं धुतले, तरी नखातलं जाणार कुठं? परीक्षा नळी धरलेली, घाम आला म्हणून बोट डोळ्याला लावलंस, आणि मग धारा. बाहेरून आलेले सर नेमके तेव्हाच तुझ्या टेबलाशी आले. त्यांना वाटलं पोरगी घाबरून रडते आहे. म्हणाले, "रडू नका. येतं तेवढंच सांगा." आणि तू, सुरुवातीला कितीतरी दिवस जिचा आवाज या घरात कुणी ऐकला नव्हता ती तू, म्हणालीस, "सर, मी रडत न्हाय. मिरची हाय."

"कुठली मिरची?"

"लवंगी, सर."

तेव्हाच ते हसणं. सरही हसले म्हणे. म्हणाले, "मग सांगा, मिरची तिखट कशामुळं लागते?"

"आक्का," तू मला सांगत होतीस, चालता चालता थांबून, "मला येत नव्हतं. मी म्हटलं, ते येत न्हाय, सर. आणि काही झालंच नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढचं विचारलं. विटकरी ज्योत कुणाची, विचारलं. मग मी सांगतच सुटले."

तू रस्त्याच्या मधोमध उभी होतीस आणि रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. तुला ऐकू येत नव्हतं. येत नाही असं म्हटलं तरी जग चालू राहतं, हे तुला त्या दिवशी कळलं. मला ते तुझ्या तोंडाकडं बघून कळलं.

घरी आल्यावर पाय धुवायच्या आधी तू वैशूला विचारलंस, "मिरचीत तिखट काय असतं गं?" "ॲसिड," वैशू म्हणाली, लगेच. तू लवंगीची मूठ तिच्यापुढं सारलीस.

निकाल लागला, केमिस्ट्री निघाली. सासूबाईंनी तुझ्या तोंडात पेढा कोंबला आणि विचारलं, "मी सांगिटलेलं नायट्रेट आलतं काय?" तू म्हणालीस, "आलं होतं की." खरं होतं का गं ते? मला कायम वाटत आलं की तेवढा एक अंदाज तू आयुष्यात ठोकलास, म्हातारीसाठी. विचारायचं राहूनच गेलं.

पुढं तू शाळेच्या प्रयोगशाळेत लागलीस. काचेची भांडी, बाटल्या, सगळं तुझ्या ताब्यात. माघात मात्र शाळा सुटली की सोप्यात येऊन बसायचीस. एका वर्षी आल्या आल्या सांगितलंस, "कॅप्सेसिन. मिरचीत कॅप्सेसिन असतं, आक्का." त्या सरांना सांगायचं राहिलं म्हणून हळहळलीस.

भांडण मात्र मिटलं नाही. वैशूला बघायला आलेला मुलगा कसा वाटतो, विचारलं तर म्हणायचीस, "एकदा बघून काय कळतंय? येत न्हाय." मी चिडायची. "अगं, अंदाज तरी." "अंदाजानं पोरगी द्यायची काय?" सासूबाई शेवटच्या आजारात असताना सगळे त्यांना म्हणत होते, बऱ्या होणार तुम्ही. तू एकटी म्हणायची नाहीस. पाय दाबत बसायचीस. मला तेव्हा तुझा राग यायचा. एक शब्द बोलायला काय जातं, असं वाटायचं. पण त्या शेवटी शेवटी तुझाच हात मागायच्या, हेही मी बघितलं.

एक गोष्ट तुला कधी बोलले नाही. तुझा डबा घरी राहिला म्हणून मी एकदा शाळेत आले होते. दारात पोचले तर पोरांची प्रॅक्टिकल चाललेली. एक पोरगी खाली मान घालून उभी होती, मास्तर विचारत होते आणि तिच्या तोंडातून शब्द निघत नव्हता. तू बाटल्या पुसत होतीस. पुसता पुसता तिच्या शेजारी आलीस आणि हळूच म्हणालीस, "येत असलं तर सांग. येत नसलं तर येत न्हाय म्हण. पण गप उभी राहू नगंस." पोरगी म्हणाली, "येत न्हाय, सर." आणि मग पुढचं तिला आलं.

मी डबा शिपायाकडं देऊन परत फिरले. वाटेत मला हसू येत होतं. गप बसू नकोस हे माझं, आणि अंदाजानं बोलू नकोस हे तुझं. दोन्ही एकत्र करून तू त्या पोरीला दिलंस. मला वाटलं होतं मी हरलेय. तसं नव्हतं. पण हे तुला सांगितलं असतं तर भांडायला काय उरलं असतं? म्हणून नाही सांगितलं. आता सांगते.

आणि आता दवाखान्यातलं. ते टाळत टाळत इथवर आले.

दुपारची वेळ होती. भाऊजी औषध आणायला खाली गेले होते. खिडकीतून ऊन तुझ्या पायावर पडलं होतं आणि तुला ते बरं वाटत होतं. मी मोसंबी सोलत होते. तू म्हणालीस, "आक्का, इतकी वर्षं तुम्हीच विचारत आलात. आज मी विचारते."

"विचार की."

"मी बरी होणार काय?"

मी सालीवरची नजर काढली नाही. म्हटलं, "होणार की. न व्हायला काय झालंय? माघात मिरची आली की सोप्यात बसणार हायस तू. मी एकटी किती निवडू?"

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलीस. मग तुझा आवाज आला, त्या नव्या नवरीसारखा हळू. "येत नसताना बोललात, आक्का." आणि तू हसलीस. "लवंगी तुमची."

मीही हसले. मोसंबीची फोड तुझ्या तोंडात घातली. तू ती चोखलीस. तेवढ्यात भाऊजी आले आणि बोलणं दुसरीकडं गेलं. एवढंच. त्यानंतर आपण दोघीच अशा परत बसलो नाही.

मी त्या उत्तरावर किती विचार केला असेल. तुझ्या पद्धतीनं म्हणायला हवं होतं का, येत न्हाय, शारदा, मला येत न्हाय? कदाचित त्यानंच तुला बरं वाटलं असतं. तू मला विचारत होतीस ते त्यासाठीच का, की मी तरी खरं बोलेन? मग वाटतं, नाही. तुला उत्तर ठाऊकच होतं. तू नेहमीसारखा आधी पूर्ण विचार केला होतास. मी काय बोलते ते तुला बघायचं होतं. आणि मी काय बोलेन हेही तुला ठाऊक होतं. तू हसलीस ना. मला त्या हसण्याचा आधार आहे.

भाऊजी अजून फारसं बोलत नाहीत. तुझ्यासारखे झालेत, पहिल्या दिवसांतल्या. मी काही म्हणत नाही. चहा ठेवते आणि जवळ बसते. हे मी तुझ्याकडून शिकले. सासूबाईंचे पाय दाबताना बघून.

इथवर लिहून दोन दिवस झाले. आज सकाळी वैशू आली, हातकणंगल्याहून, सासरहून. मोठ्या पोरांची आई झाली तरी सोप्यात मांडी घालून बसली की तशीच दिसते. तिनं ढीग लावले, ब्याडगी एकीकडं, संकेश्वरी एकीकडं, लवंगी कोपऱ्यात. हाताला तेल चोळलं. मी सवयीनं बोलून गेले, "विटकरी ज्योत कुणाची?" ती म्हणाली, "कॅल्शियमची." मग दोघीही तुझ्या जागेकडं बघायला लागलो. तिथं ऊन आलं होतं.

वैशूनं नाक पुसलं आणि हात लांब करून लवंगीचा ढीग स्वतःकडं ओढायला लागली. म्हणाली, "आई, तुझे हात आता भाजतात. ही मी करतो."

मी तिचा हात धरला. म्हटलं, "ती राहू दे. ती माझी हाय."

तिनं ढीग माझ्यापुढं सारला.

बोटं आता जळतायत, शारदा, पेनही नीट धरवत नाही. उत्तर मला येत नव्हतं, हे खरं. पण तू परत कधी विचारलंस, तर मी परत तेच सांगेन. आणि परत लवंगी घेईन.